रिकामा रकाना

सुरगाण्यास पाऊस पाहुण्यासारखा येत नाहीं. मृगांत एकदां आला म्हणजे चार महिने तो घरधन्याच्या रुबाबानें राहतो. नार आणि पार या नद्या आमच्या डोंगरांतलें पाणी घेऊन पश्चिमेस गुजरातेंत उतरतात, आणि मागें खाचरांत भात व उतारावर नागली-वरई डोलत राहते. अशा मुलखांत पाऊस मोजण्याच्या कामास महत्त्व असावें यांत नवल नाहीं. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतलें पाणी मोजावयाचें, आणि मागील चोवीस तासांचा पाऊस म्हणून तो आंकडा वहींत लिहावयाचा, असा देशभरचा शिरस्ता आहे. हें काम वर्षानुवर्षें केलेल्या एका वृद्ध कारकुनांशीं माझा स्नेह होता. त्यांची जुनी वही एकदां सहज चाळीत असतां माझ्या असें लक्षांत आलें, कीं भर उन्हाळ्यांतल्या, आकाशांत ढगाचा ठिपकाही नसलेल्या दिवसांपुढेंही त्यांनीं एकेक वळणदार शून्य काढलें होतें. मीं थट्टेनें म्हटलें, "अहो, पाऊस पडलाच नाहीं, तर लिहावयाचें कशाला? जागा मोकळी सोडली तरी वाचणारा समजेल." त्यांनीं चष्मा कपाळावर सरकविला आणि शांतपणें सांगितलें, "सर, शून्य म्हणजे मी गेलों, पाहिलें, पाणी नव्हतें. मोकळी जागा म्हणजे मी गेलोंच नाहीं."

त्या वेळीं मला तो कारकुनी काटेकोरपणा वाटला. शून्य आणि रिकामा रकाना यांतलें अंतर केवढें असतें, हें कळण्यास पुढें मला बरीच किंमत द्यावी लागली. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख आहे. तींत संगणकाचा विषय येणार आहे. परंतु ज्यांचा संगणकाशीं संबंध फोनवरच्या छायाचित्रांपलीकडे जात नाहीं, अशा वाचकांनीं भिऊं नये. मीही मूळचा त्याच पंथाचा मनुष्य आहें.

आमच्या भागांतील कोकणा लोकांत थाळीवर कथा सांगण्याची जुनी चाल आहे. थाळीच्या मध्यभागीं मेण लावून त्यांत एक सरळ काडी उभी करतात, आणि कथेकरी चिमटींत धरलेल्या त्या काडीवरून बोटें वरून खालीं ओढीत राहतो. थाळींतून भुंग्याच्या गुणगुणीसारखा एक अखंड नाद निघतो, आणि त्या नादाच्या आधारानें कणसरीची, म्हणजे धान्यमातेची, कथा रात्रभर चालते. सुरगाण्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका पाड्यावर अशी कथा सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा पाडा त्यांना बाबा म्हणे. आम्हीही म्हणूं लागलों. नोव्हेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंतच्या तीन हिवाळ्यांत मीं व माझ्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्या एकोणीस रात्री ध्वनिमुद्रित केल्या.

बाबांची एक अट असे. ऐकणारांपैकीं कोणीतरी एकानें कथेच्या दर चरणामागें "हूं" म्हटलेंच पाहिजे. लहानपणीं आजीच्या गोष्टीस आपण सर्वांनींच असा हुंकार दिलेला आहे. तो थांबला, कीं आजी गोष्ट मिटून घेई आणि पांघरूण सारखें करी. बाबांची थाळीही तशीच थांबे. एका पहाटे आम्ही सारेच पेंगलों, आणि नाद थांबल्यामुळें दचकून जागे झालों. मीं ओशाळून ध्वनिमुद्रकाकडे बोट दाखविलें आणि म्हटलें, "बाबा, तुम्ही चालूं द्या, हें यंत्र सगळें ऐकतें आहे." बाबा हंसले. म्हणाले, "ऐकतं खरं, पण हूं कुठं म्हणतं?" आम्हीही हंसलों. तें हंसणेंही त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणांत उतरलें होतें.

हीं ध्वनिमुद्रणें व महाविद्यालयाचें इतर दप्तर आमच्या सर्व्हरवर ठेविलेलें असे. सर्व्हर या शब्दानें दबून जाण्याचें कारण नाहीं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलींत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांशेजारीं, रात्रंदिवस घुरघुरणारी ती एक पेटी होती. सुरगाण्याची वीज पावसाळ्यांत लहरी, आणि इंटरनेट तिच्याहून लहरी. म्हणून शहाण्या माणसानें करावें तें आम्हीं केलें. नाशिक येथील दुसऱ्या एका सर्व्हरवर रोज रात्रीं दोन वाजतां येथल्या सर्व फाइलींची प्रत आपोआप जावी, अशी व्यवस्था केली. ती बसवून देणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. आतां तो महाविद्यालयांत संगणकाचें काम पाहतो.

या व्यवस्थेंत दोन नोकर राबतात. पहिला वेळेचा पक्का. त्याचें नांव क्रॉन. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालीचा जन्म झाला. त्या घराण्यांतला हा जुना घड्याळजी. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पांच रकाने त्याला भरून दिले, कीं ठरल्या क्षणीं तो ठरलेली आज्ञा सोडतो. थंडी नाहीं, पाऊस नाहीं, आजारपण नाहीं. दुसरा नोकर आर्सिंक. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनीं १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांत तो तयार केला. त्याची युक्ति मोठी सुंदर आहे. प्रथम तो दोन्हीकडच्या फाइलींचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहतो. दोन्ही जुळलीं, तर त्या फाइलीस हात लावीत नाहीं. जेथें फरक दिसतो तेथें घेणारा आपल्याजवळच्या जुन्या प्रतीचे लहान लहान तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्यावरून गणितानें काढलेली एक छोटी खूण तेवढी देणाऱ्याकडे पाठवितो. देणारा त्या खुणा आपल्या नव्या फाइलीशीं ताडतो, आणि जे तुकडे पलीकडे नाहींत तेवढेच रवाना करतो. एखाद्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति करतांना सारा ग्रंथ पुन्हां न पाठवितां मुद्रकाकडे शुद्धिपत्र पाठवावें, तसाच हा प्रकार. सुरगाण्यासारख्या बारीक धारेच्या गांवास याहून सोयीचा नोकर मिळावयाचा नाहीं.

या दोघांच्या मागें एक नोंद ठेवणारा लागतो. त्याच्या वहीला 'लॉग' म्हणतात. हा शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग समजण्यासाठीं खलाशी दोरीस बांधलेला लांकडाचा तुकडा, म्हणजे लॉग, समुद्रांत टाकीत. ठराविक वेळांत दोरीच्या किती गांठी हातांतून सुटल्या तें मोजीत, आणि तो आंकडा वहींत मांडीत. ती वही लॉगबुक झाली, आणि वेगाचें माप आजही 'नॉट', म्हणजे गांठ, हेंच राहिलें. आपल्याकडच्या पेढीवर जें काम रोजकीर्द करी तेंच हें काम. आमच्या लॉगमध्यें रोज आरंभाची वेळ, पाठविलेल्या फाइलींचीं नांवें, पुसलेल्या फाइलींचीं नांवें, आणि सर्वांच्या खालीं 'काम पूर्ण' अशी एक समाधानाची ओळ उमटे.

पहिल्या महिन्यांत मी ही वही रोज सकाळीं चहाबरोबर वाचीत असें. दुसऱ्या महिन्यांत वाचन आठवड्यांतून एकदां होऊं लागलें. पुढें मी फक्त शेवटची ओळ पाही, आणि 'काम पूर्ण' दिसलें म्हणजे समाधान पावे. त्याच्याही पुढें, ती ओळ असणारच अशा खात्रीमुळें, वही उघडण्याचेंच राहून गेलें. देवळाची घंटा रोज वाजते म्हणून ती कानावर पडेनाशी व्हावी, तशी माझी गति झाली.

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यांत आमच्याकडे भयंकर पाऊस झाला. ओढे रस्त्यांवर आले, वीज जात-येत राहिली. ११ जुलैच्या रात्रीं वीज जाऊन परत आली, तेव्हां सर्व्हर पुन्हां सुरू झाला. परंतु ज्या निराळ्या तबकडीवर ध्वनिमुद्रणें होतीं ती त्यास जोडली गेली नाहीं. अशा वेळीं एक विचित्र गोष्ट होते. तबकडी नसली तरी तिच्या नांवाची खोली उघडीच राहते. फक्त आंत सामान नसतें. दोन वाजतां क्रॉननें शीळ घातली. आर्सिंक उठला, खोलींत डोकावला, आणि खोली रिकामी पाहून त्यानें नाशिकच्या खोलीकडे पाहिलें. ती भरलेली होती. दोन्हीकडे सारखेंच असावें, आणि येथें जें नाहीं तें तेथूनही काढून टाकावें, अशी आज्ञा आम्हींच त्यास दिलेली होती, कारण टाकाऊ फाइलींनीं नाशिकची जागा भरूं नये असा आमचा हेतु होता. त्या आज्ञाधारक नोकरानें नाशिकची खोलीही झाडून रिकामी केली.

आम्हांस हें चाळीस रात्रींनंतर कळलें. पुण्याच्या एका संशोधिकेस तिसऱ्या रात्रीची कथा हवी होती, म्हणून २० ऑगस्टला मीं ती काढावयास सांगितली. "सर, खोली रिकामी दिसते," माझा विद्यार्थी म्हणाला. "असूं दे रे, नाशिकची प्रत आहे ना?" असें मी इतक्या सहजपणें म्हणालों, कीं तो सहजपणा आठवला म्हणजे अजूनही अंगावर कांटा येतो. त्यानें नाशिकची खोली उघडली, आणि कांहीं न बोलतां पडदा माझ्याकडे वळविला.

मग आम्हीं लॉग उघडला. चाळीस रात्रींची ती वही त्या संध्याकाळीं मीं पहिल्यानें खऱ्या अर्थानें वाचली. ११ जुलैच्या पानावर चारशेंहून अधिक ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभीं 'पुसत आहे' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. त्यांत बाबांच्या एकोणीस रात्रींचीं एकोणीस नांवें ओळीनें आलेलीं होतीं. खालीं 'काम पूर्ण'. यंत्रानें कांहीं लपविलें नव्हतें. जें केलें तें नांवानिशीं लिहून ठेविलें होतें. सकाळच्या चहास मी ती वही उघडली असती, तर दुर्दैवी तबकडीला आणखी चाळीस दिवस विजेचे धक्के तरी बसले नसते.

पुढचीं पानें अधिक बोधप्रद होतीं. तेवीस रात्रींपुढें पाठविलेल्या फाइली शून्य, पुसलेल्या शून्य, 'काम पूर्ण'. ही नोंद अक्षरशः खरी होती. दोन रिकाम्या खोल्यांत फरक तो काय असणार? आणखी तेरा रात्रींपुढें नाशिकशीं संबंध जुळला नसल्याची तक्रार होती, आणि तिच्याही खालीं 'काम पूर्ण'! हें कसें, म्हणून पाहिलें, तेव्हां असें आढळलें, कीं ती ओळ आमच्या आज्ञापत्रकाच्या शेवटीं विनाअट लिहिलेली होती; आधीं काय घडलें याच्याशीं तिचा कांहीं संबंधच नव्हता. भूमितीचा सिद्धांत मध्यें कोठेंतरी सुटलेला असतांही कांहीं विद्यार्थी उत्तराखालीं 'हेंच सिद्ध करावयाचें होतें' असें ठसठशीत लिहितात, त्यांतलाच हा मासला. वास्तविक आर्सिंक आपलें काम संपतांना एक अंक परत देतो. शून्य म्हणजे सर्व ठीक. तेवीस म्हणजे कांहीं भाग गेला, कांहीं राहिला. तीस म्हणजे वाट पाहून वेळ संपली. अशी त्याची स्पष्ट परिभाषा आहे. तो अंक रोज आमच्या दारांत येऊन उभा राही, आणि आम्हीं त्यास आंत घेण्याची सोयच केली नव्हती.

आणि उरलेल्या तीन रात्री? त्यांपुढें कांहींच नव्हतें. ना आरंभ, ना तक्रार, ना 'काम पूर्ण'. यंत्रच बंद होतें. जें बंद आहे तें आपण बंद असल्याची नोंद कशी करणार? तारखा मोजूं लागल्यावरच मधल्या तीन तारखा नाहींत हें ध्यानांत आलें. त्या क्षणीं मला ते वृद्ध कारकून आठवले. मोकळी जागा म्हणजे मी गेलोंच नाहीं.

ही फजिती केवळ आमच्यासारख्या आडगांवच्या अडाण्यांची, असें कोणी समजूं नये. जगभरच्या संगणककारांचें काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या संस्थेंत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका तज्ज्ञाच्या हातून मुख्य माहितीचें कोठार चुकून पुसलें गेलें. सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे साडेचार उरले. प्रती ठेवण्याच्या त्यांच्या अनेक सोयी होत्या. परंतु रोजची प्रत घेणारा कार्यक्रम, दोन आवृत्यांचा मेळ न बसल्यामुळें, फोल ठरत होता. तो फोल ठरल्याची वर्दी देणारीं पत्रें यंत्र पाठवीतही होतें. पण त्या पत्रांवर आवश्यक ती सही नसल्यामुळें टपाल घेणारें दुसरें यंत्र तीं नाकारीत होतें. म्हणजे घराला आग लागली, पहारेकरी ओरडला, आणि त्याचें ओरडणें दाराबाहेरच अडविलें गेलें. एका तज्ज्ञानें सहा तासांपूर्वीं भलत्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत हातीं लागली, म्हणून ते वांचले. त्यांनीं ही सारी हकीकत जगापुढें उघडपणें मांडली, याबद्दल त्यांचें कौतुकच केलें पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्यें जपानांतील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर तर प्रती ठेवणाऱ्या कार्यक्रमांतच चुकीची सुधारणा होऊन ७७ टेराबाइट सामग्री, सुमारें ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. चौदा संशोधकगटांस त्याची झळ लागली, आणि त्यांपैकीं चार गटांचें गेलेलें परत मिळण्याजोगें नव्हतें. राखणदारानेंच खळें उधळावें, तशांतली ही गोष्ट.

आमच्या पूर्वजांस या बाबतींत कांहीं कमी कळत नव्हतें. पेशवाईंतील पत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ठाऊक असेल, कीं उत्तराच्या आरंभींच तुमचें अमुक पत्र पावलें व त्यांतला मजकूर कळला, असें लिहीत. आणि आलेल्या पत्रावर पैवस्तीची, म्हणजे तें हातीं पडल्याची, तारीख टांकीत. हा कोरडा शिष्टाचार नव्हता. पत्र पाठविणें हें अर्धें काम. तें पावलें हें कळणें हें उरलेलें अर्धें. आणि पावती येईनाशी झाली म्हणजे तीही एक बातमीच समजावयाची. १७६० च्या अखेरीस पानिपतावर भाऊसाहेबांची कोंडी झाली, तेव्हां उत्तरेकडून येणारा पत्रांचा ओघ आटला. त्याच डिसेंबरांत नानासाहेब पेशव्यांचें दुसरें लग्न पैठणास झालें. १४ जानेवारी १७६१ ची बातमी त्यांस दहा दिवसांनीं भेलशाजवळ मिळाली, तीही एका सावकाराच्या सांकेतिक पत्रांतून. त्या न आलेल्या पत्रांचा अर्थ वेळींच कोणीं लावला असता तर काय झालें असतें, हें इतिहासकारांनीं पाहावें. मला एवढेंच दिसतें, कीं आलेलें पत्र कोणीही वाचतो. न आलेलें पत्र वाचण्यास निराळाच वाचक लागतो.

या अनुभवानंतर आम्हीं सारी व्यवस्था मुळापासून बदलली. प्रथम त्या विनाअट 'काम पूर्ण'ची हकालपट्टी केली. आतां आर्सिंकनें दिलेला अंक शून्य असेल तरच तसें लिहिलें जातें, एरवीं तो अंकच लिहिला जातो. ध्वनिमुद्रणांच्या खोलींत एक लहानशी फाइल पहारेकऱ्यासारखी ठेविली. आंत शिरण्यापूर्वीं ती जागेवर आहे कीं नाहीं हें पाहिलें जातें. ती नसेल, तर तबकडी जोडलेली नाहीं असें समजून काम तेथेंच थांबतें. एका रात्रींत ठराविक संख्येहून अधिक फाइली पुसावयाच्या नाहींत असेंही बंधन आर्सिंकला घालतां येतें, तें घातलें. आणि मुख्य म्हणजे आरसा व संग्रह या दोहोंत आम्ही जो घोटाळा करीत होतों तो सोडला. दोन ठिकाणें सारखीं ठेवणें म्हणजे आरसा. बिंबावर डाग पडला तर प्रतिबिंबावरही पडणारच. संग्रह म्हणजे कालचें, परवांचें, महिन्यापूर्वींचें रूपही शिल्लक राहणें. म्हणून नाशिकला आतां तारीखवार प्रती राहतात. जें बदललें नाहीं तें पुन्हां साठविलें जात नाहीं, त्यामुळें जागाही बेतानेंच लागते.

दोन्ही यंत्रांचीं घड्याळें एका वेळेस लावणेंही ओघानेंच आलें, कारण घड्याळें भिन्न असतील तर दोन वह्यांतील नोंदी ताडून पाहणें अशक्य होतें. १९०६ सालीं देशाची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या काळांतली एखादी मुंबईची नोंद वाचतांना ही कोणती वेळ, असें आधीं विचारावें लागतें. आमच्या दोन पेट्यांत तेवढा दुराग्रह नव्हता. चार मिनिटांचाच फरक होता. पण कोणती गोष्ट आधीं घडली आणि कोणती मागून, याचा उलगडा होण्यास तेवढाही पुरे नडला.

एवढें झालें तरी खरा प्रश्न उरलाच. ही वही वाचावयाची कोणीं? रोज 'सर्व ठीक' असा निरोप फोनवर येऊं द्यावा, तर दहाव्या दिवशीं माणूस तो न वाचतां पुसूं लागतो. मीं तेंच केलें होतें. बरें, बिघडलें तरच निरोप यावा असें ठरवावें, तर निरोप न येणें याचे दोन अर्थ होतात: सर्व ठीक आहे, किंवा निरोप देणाराच मेला आहे. यावर आमच्या तरुणानें जो तोडगा काढला तो मला फार आवडला. सुरगाण्याच्या यंत्रानें काम संपलें म्हणजे नाशिकला एक शब्द पाठवावयाचा. नाशिकचें यंत्र सकाळीं सहा वाजेपर्यंत त्या शब्दाची वाट पाहतें. शब्द आला, तर तें कोणास कांहीं सांगत नाहीं. न आला, तर मात्र आमचे फोन खणखणूं लागतात. म्हणजे चांगली बातमी यंत्रानें ऐकावयाची, आणि शांततेची बातमी माणसाला द्यावयाची. आणि नाशिकचें यंत्रच निजलें तर? त्यासाठीं दर सोमवारीं मी स्वतः वही उघडतों, आठवड्याच्या सातही तारखा बोटांवर मोजतों, आणि खालीं सही करतों. पहाऱ्यावर पहारा आणि त्यावर पुन्हां पहारा, या साखळीच्या शेवटीं अखेर एक जागा माणूस बसवावाच लागतो. त्यास दुसरी तोड मला तरी दिसत नाहीं.

त्या तबकडीचें काय झालें, हें वाचक विचारतील. ती दुरुस्तीस पाठविली. महिन्यानें एकोणीसांपैकीं बारा रात्री परत आल्या. दोन रात्री एका विद्यार्थ्याच्या फोनमध्यें सांपडल्या. आजीस ऐकविण्यासाठीं म्हणून त्यानें त्या आम्हांस न विचारतां उतरवून घेतल्या होत्या. त्या नियमभंगाबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहें. पांच रात्री गेल्या. पहाटेच्या त्या हंसण्याची रात्र या पांचांपैकींच एक.

त्या पुन्हां सांगून घ्याव्या, असें आपणांस वाटेल. मलाही प्रथम तेंच वाटलें. ऑगस्टअखेरीस, पाऊस थोडा उघडल्यावर, मी पाड्यावर गेलों. बाबांच्या ओसरीवर त्यांचा नातू नांगराचें कांहीं काम करीत बसला होता. मला पाहून तो उठला, पाणी घेऊन आला, आणि मग म्हणाला, "बाबा गेले, सर. त्या मोठ्या पावसांतच. रस्ता बंद होता, कुणाला कळवतां आलं नाहीं."

मी त्यांस शेवटचा भेटलों होतों तो मार्च महिन्यांत. त्यापूर्वीं दर पंधरा दिवसांनीं माझी फेरी असे. पुढें ती कां थांबली, याचें प्रामाणिक उत्तर मला त्या ओसरीवर बसून द्यावें लागलें. त्यांचा आवाज आमच्याजवळ होता; दोन ठिकाणीं होता; रोज रात्रीं दोन वाजतां त्याची खातरजमा होत होती. मग घाई कसली? त्यांच्याकडून निरोप नाहीं, म्हणजे सर्व ठीकच असणार. यंत्राच्या वहींत माझे चाळीस दिवस गेले. या दुसऱ्या वहींतले पांच महिन्यांचे रकाने मींच रिकामे ठेविले होते, आणि त्यांत मी मनानें शून्य वाचीत होतों. आपणां सुशिक्षितांच्या घरांतून आज हें सर्रास घडतें. मुलगा परदेशीं असतो, आई गांवीं असते; फोन आला नाहीं, म्हणजे ती बरी आहे. ती बरी आहे हें कोणीं जाऊन पाहिलेलें असतें का? तो शून्याचा आंकडा असतो, कीं नुसती मोकळी जागा?

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी वांचलेल्या चौदा रात्रींपैकीं एक रात्र नाशिकच्या प्रतीवरून उतरवून घेतों आणि ऐकतों. प्रत आहे असें वही सांगते. ती ऐकूं येते कीं नाहीं, हें कानांनींच ठरवावें लागतें. कधीं पाड्यावरचीं मुलें बोलावतों, कधीं त्यांच्याकडे जातों. गेल्या खेपेस बाबांचा नातूही येऊन बसला होता. थाळीचा नाद सुरू झाला, बाबांनीं पहिला चरण म्हटला, आणि नेहमींप्रमाणें क्षणभर थांबले. ध्वनिमुद्रणांतल्या कोणा विद्यार्थ्याचा हुंकार येण्याच्या आधींच तो नातू, आपण एका यंत्रासमोर बसलों आहों हें विसरून, "हूं" म्हणाला.